अध्यक्षांना झालेली कावीळ

सोमवारी दवाखान्यासमोर एवढी गर्दी उसळली, की पाहणाऱ्याला वाटावं, गावाला अखेर अक्कल आली. पण गर्दी दवाखान्यात जात नव्हती. पणदऱ्याहून, लोणी भापकरहून आलेले लोक दवाखान्याच्याच ओट्यावरच्या कावीळवाल्या बाबापुढे बसले होते.

दवाखाना गावानेच बांधलेला. कुणी जागा दिली, कुणी ट्रॅक्टरने वाळू आणली. उद्घाटनं तीन झाली, डॉक्टर एकही आला नाही. तोवर आत खताची पोती सुखाने राहिली. शेवटी डॉ. राजलक्ष्मी आल्या. गावाने त्यांची मिरवणूक काढली आणि दुखलंखुपलं की बाबाकडे जाणं चालू ठेवलं. बाबाला ओटा दिला तो दवाखाना समितीचे अध्यक्ष हिंदुराव यांनी. दारात गर्दी दिसली, की त्यांना बरं वाटे.

बाबा रोग्याच्या हाताला आपल्या बाटलीतला ‘सिद्धरस’ चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचा. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं आणि आम्ही गावकरी टाळ्या वाजवायचो.

“उतरली! हाडातली कावीळ भाईर काढली! आता गोळी खाल्ली तर परत चढंल, सांगून ठिवतो!”

त्या दिवशी बानूबाईंनी गरोदर सुनेला, स्वरालीला, तिसऱ्यांदा आणलं होतं. पोरीचे डोळे पिवळेजर्द, उभंही राहवेना. डॉक्टर बाहेर आल्या.

“बानूबाई, हिला आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायला हवं. जिवावर बेतेल.”

“पर बाई, कावीळ उतरतीया की! समद्यांनी पाणी बघितलंय.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. “डेअरीत दुधाचं सॅम्पल कुणाच्या बाटलीत घेतात?”

“डेअरीच्या.”

“दूध घालणाऱ्याच्या का नाही?”

“त्यो काय बी घालून आणंल की!”

“मग बाबांची बाटली कुणी तपासली?”

डॉक्टरांनी स्वरालीचे हात साबणाने धुतले आणि ताज्या निवळीत बुडवले. पाणी तसंच नितळ. मग बाबाच्याच बाटलीतला सिद्धरस, गर्दी बघायला आलेल्या हिंदुरावांच्या तळहातांना चोळला आणि त्यांचे हात बुडवले. पाणी पिवळंधमक!

“अध्यक्षांना बी कावीळ! आतल्या आत मुरलीया!” बाबा ओरडला.

“मला? आरं, आत्ता दोन वाट्या तर्री हाणून आलोय!” हिंदुराव खवळले.

“हा आंब्याच्या सालीचा रस,” डॉक्टर म्हणाल्या. “चुन्याचं पाणी लागलं की पिवळा होतो. बैलाच्या शिंगाला लावा, शिंगालाही कावीळ होईल. खरी कावीळ तळहातातून बाहेर येत नाही. हिचं लिव्हर सुजलंय.”

लोक हसले. बाबा पिशवी आवरू लागला. बानूबाई हसल्या नाहीत. सुनेला कवेत धरून त्या एवढंच म्हणाल्या, “बाई, गाडी बोलवा.”

स्वराली वाचली. तिचं बाळ वाचलं नाही. पहिल्याच दिवशी दवाखान्यात आणलं असतं तर? डॉक्टर म्हणतात, खात्री देता येत नाही, पण झुंजायला वेळ मिळाला असता. तो वेळ आम्ही ओट्यावर टाळ्या वाजवण्यात घालवला, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तपासून बघा. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.