गाडी डावीकडेच का जाते

मी टॉवर क्रेन चालवतो. दिवसभर उंच केबिनमध्ये बसायचं, दोन दांड्या हलवायच्या आणि माणसांच्या डोक्यावरून लोखंड, विटा, काचा जपून न्यायच्या, एवढंच माझं काम. म्हणून सूनबाईनं आपला व्हिडिओ गेमचा डबा आमच्या टीव्हीला जोडून कंट्रोलर माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या दांड्यांपेक्षा हे सोपंय," तेव्हा मलाही ते पटलं.

तोवर माझे खेळ फोनवरचे. रंगीत गोळ्या जुळवायच्या, त्या फुटल्या की जीव गार. वरून पडणारे ठोकळे रचायच्या खेळात तर मी घरच्यासारखा वावरायचो, कारण तो माझा धंदाच. फरक इतकाच की तिथे खालून कुणी ओरडत नाही. कोडी सोडवायच्या खेळात मात्र मी ढ. बायको मागून जाता जाता उत्तर सांगते आणि वर विचारते, "यालाच खेळणं म्हणतात का?"

टीव्हीवरचे खेळ म्हणजे वेगळंच जग निघालं. बंदुकीचा खेळ मला सोसला नाही. सगळे पळत होते आणि मी मान वर करून इमारतींचे मजले बघत उभा, तेवढ्यात मेलो. "बाबा, आडोशाला जायचं असतं!" सूनबाई कळवळली. म्हटलं, "अगं, बांधकाम फार सुरेख होतं."

तलवारवाला खेळ सुंदर, पण त्यातला राक्षस मला पुन्हा पुन्हा मारायचा आणि खेळ पुन्हा पुन्हा उठवून उभं करायचा. एवढी क्षमा देवाच्या दारीच मिळते, असं मनात येऊन मी हात जोडले. सूनबाई पोट धरून हसली.

असो, मूळ पदावर येतो.

शर्यतीच्या खेळात माझी गाडी डावीकडे जायची. मी सरळ धरली तरी हळूहळू कडेला सरकायची आणि खड्ड्यात. शेतीच्या खेळातही तेच. माझा माणूस पाण्याची झारी घेऊन वाफ्याकडे निघायचा आणि डावीकडे कलत कलत तळ्यात उतरायचा. सूनबाई म्हणायची, "बाबांच्या माणसाला पोहायची भारी हौस!" मीही हसायचो. पण एका संध्याकाळी हसता हसता माझी नजर कंट्रोलरवर गेली. गाडी असो की माणूस, चालवायचं ते त्यावरच्या इवल्या दांडीनं, डाव्या अंगठ्यानं. फोनवर उजव्या हाताचं एक बोट पुरतं, म्हणून तिथे काही बिघडत नव्हतं. म्हणजे दोष माझ्या डाव्या हातातच.

माझा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. काय अक्षर होतं दादाचं! त्याचा आजार डाव्या हातापासूनच सुरू झाला. आधी हात नकळत एका बाजूला ओढला जायचा, आम्ही थट्टा करायचो. आज त्याच्या शर्टाची बटणं वहिनी लावते.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. क्रेनवर अजून काही चुकलं नव्हतं, पण चुकेपर्यंत थांबायचं का? खाली आमचा घुबड असतो. रेडिओवरून मला दिशा सांगणारा हा गडी चष्म्यामुळे सगळ्यांचा घुबड झालाय. काचांचा गठ्ठा मी फार सावकाश उतरवू लागलो, तर म्हणाला, "काका, काचा उतरवताय की नवरी?" एरवी मी सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी मी त्याच्या टकलाकडे बघितलं आणि गठ्ठा आणखी सावकाश सोडला. त्याच्या डोक्यावर माझा हात होता, आणि हाताचा भरवसा मला उरला नव्हता.

घरी कुणाला सांगितलं नाही. रविवारी सकाळी मोठ्या साहेबांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. मनाशी म्हटलं, त्यांचा फोन आला की सांगून टाकायचं, मला खाली घ्या, स्टोअरमध्ये बसवा. क्रेनशिवाय मी कोण, हा प्रश्न देवावर सोपवला.

दुपारी सूनबाईनं शेतीचा खेळ लावला. नाही कसं म्हणणार? बसलो. माणूस झारी घेऊन निघाला आणि फोन वाजला. साहेब! मी असा दचकलो की कंट्रोलर गादीवर टाकून उठलो.

"बोला काका, सकाळी फोन केला होता?"

"हो साहेब. जरा महत्त्वाचं होतं. मला आता..."

बोलता बोलता नजर टीव्हीवर गेली. माझा माणूस चालत होता. कुणाचाच हात नाही, कंट्रोलर गादीवर उताणा, आणि हा पठ्ठ्या झारी घेऊन डावीकडे कलत थेट तळ्यात!

"काका? ऐकू येतंय ना?"

अहो, रोज सकाळी क्रेनवर मी पहिलं काम कोणतं करतो? दांड्या मधोमध सोडायच्या, हात मांडीवर ठेवायचे आणि हुककडे बघायचं. हुक हलला तर खोट यंत्रात. इथे मात्र ते सुचलंच नाही, कारण आमच्या अंगात मुरलेली सवय अशी, की हुकला माल लटकत असताना दांडीवरचा हात काढायचा नाही. खेळ थांबल्याशिवाय मी कंट्रोलर कधी खाली ठेवलाच नव्हता.

"काका!"

"साहेब, ते... केबिनमधला पंखा फार आवाज करतो. बदलून मिळेल का?"

"एवढ्यासाठी रविवारी फोन?" साहेब हसले. "उद्या बसवतो."

फोन ठेवला आणि मी डोळे पुसत गादीवर बसलो. सूनबाई घाबरली. "बाबा, काय झालं? रडताय का?"

सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "त्या कंट्रोलरची दांडी कधीपासून खराब आहे. हात लावला नाही तरी डावीकडे ढकलते. मी नवा वापरते."

"मग मला खराब का दिला गं?"

"वाटलं, हरलात की कंट्रोलर आपटाल," ती हळूच म्हणाली. "माझा भाऊ आपटतो."

आतून बायको आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "इतके दिवस हे मनात घेऊन जेवत होतात? आणि मी समजत होते, माझ्या हाताची चव गेली!" असं म्हणत पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. मग दम भरला, "उद्या डॉक्टरांना हात दाखवायचा. खेळण्यानं सांगितलं म्हणून मी ऐकणार नाही."

"दाखवतो," म्हटलं. त्या घटकेला तिनं सांगितलं असतं तर दहा डॉक्टरांना दाखवला असता.

सूनबाईनं नवा कंट्रोलर दिला आणि शर्यत लावली. गाडी निघाली, सरळ! उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की तेवढंच डावीकडे. बाकीच्या गाड्या कधीच निघून गेल्या होत्या. खड्ड्याच्या पुढचा रस्ता मी पहिल्यांदाच बघत होतो. पूल आला, मग झाडी, मग एकदम मोकळा समुद्र. "बाबा, दाबा ना जोरात! शेवटचे याल!" सूनबाई ओरडली.

"येऊ दे," मी म्हटलं. माझा डावा अंगठा त्या दांडीवर निवांत टेकला होता.