मॅन्युअलमध्ये नसलेलं ‘थांब’

मी एक जुना कम्युनिकेशन कंट्रोलर आहे. नाव जिभेला जड, म्हणून कचेरीत सगळे मला ‘दारवान’ म्हणत. मित्रांनो, ते नाव मला शोभतही होते. आत खोलीभर पसरलेला मेनफ्रेम संगणक आणि बाहेर नदीकाठच्या चौदा चौक्या, यांच्या मधोमध मी उभा. रोज सकाळी चौक्यांवरची माणसे पाण्याची पातळी टाइप करून टेलिफोनच्या तारेवरून पाठवत. तारेच्या खरखरीत एखादा आकडा चिरडला गेला, तर मी तो परत मागवून घेई आणि मगच आत सोडी.

कारखान्यात चार बायकांनी बारीक चिमट्यांनी माझे सुटे भाग बसवले. पाचवीने मला तपासले आणि पाठीवर शिशाचे सील ठोकले. लेखी परवानगीवाचून ते सील तोडणाऱ्याची नोकरी जाई.

माझ्यात एक खोड मात्र होती. सकाळी मला अंग गरम व्हायला वेळ लागे. मेनफ्रेमवरचा पातळीचा प्रोग्रॅम मला विचारी, ‘तयार?’ मी कधी गप्प राही, तर कधी अर्धवट जागा असतानाच ‘तयार’ म्हणून बसे आणि पहिले आकडे सांडून देई. कचेरीने तक्रार केली. कंपनीचे उत्तर आले, की मॅन्युअलप्रमाणे यंत्रात दोष नाही!

माझी देखभाल करणारे मेकॅनिक तेव्हा तिशीचे होते. आज त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाई पलीकडच्या टेबलावर बसत. पुढे त्या दोघांचे लग्न झाले, म्हणून त्या काकू. एका दुपारी काकांनी परवानगी न घेताच माझे सील तोडले आणि पोटात एक पिवळी तार डाग देऊन जोडली. तेव्हापासून मी आधी ‘थांब’ म्हणू लागलो आणि खरोखर तयार झालो की ‘तयार’. काकूंनी आपला प्रोग्रॅम त्याला जुळवून घेतला. आधी ‘थांब’ ऐकल्याशिवाय तो ‘तयार’वर विश्वासच ठेवीना. दुसऱ्या दिवसापासून एकही आकडा सांडला नाही. हे कसे जमले ते न विचारताच साहेबांनी दोघांची पाठ थोपटली. दोघांनीही ते कुठे लिहून ठेवले नाही.

सव्वीस वर्षे मी काम केले. महापुराच्या दिवशी एका चौकीवरचा माणूस यंत्र घेऊन छपरावर चढला आणि दर पाव तासाला पातळी पाठवत राहिला. त्याचा एकही आकडा मी चुकू दिला नाही. मग नवे संगणक आले. मेनफ्रेम तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला आणि मला मोडक्या खुर्च्यांमागे ढकलले. पूर्वी माझ्यावर धुळीचा कण दिसला तरी फडके फिरे; आता माझ्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवू लागले.

अशी बरीच वर्षे गेली. मग नदीकाठच्या वस्तीला पूरभिंत बांधायचे ठरले. पण किती उंच? कागदी नोंदवह्या त्याच महापुरात भिजून गेल्या होत्या. टेपवरच्या नोंदी शाबूत होत्या, पण काकूंच्या प्रोग्रॅमशिवाय त्या उलगडत नव्हत्या आणि तो फक्त जुन्या मेनफ्रेमवर चाले.

काकांची पुतणी संगणकाचेच काम करते; हे काम तिच्याकडे आले. तिने आपल्या लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे जुन्या मेनफ्रेमसारखा हुबेहूब वागणारा प्रोग्रॅम चालवला. काकूंचा प्रोग्रॅम त्यावर जागा झाला आणि त्याने सवयीने विचारले, ‘तयार?’ उत्तर द्यायला दारवान कुठे होता? म्हणून मॅन्युअल वाचून तिने माझीही नक्कल लिहून काढली. खरे सांगतो, मला मत्सर वाटला. नक्कल झटकन ‘तयार’ म्हणे. तरी प्रोग्रॅम ढिम्म हलेना. चार दिवस गेले. सोमवारी भिंतीची उंची ठरणार होती.

शेवटी ती काकांना घेऊन माझ्यापाशी आली.

“काका, हा मॅन्युअलप्रमाणेच चालायचा ना?”

“मग काय तर! अगदी बरहुकूम,” काका म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

मित्रांनो, उत्तर माझ्या पोटात होते, पण मला ओठ नव्हते.

पुतणीने मला वळवले. पाठीवर सील नव्हते. तिने झाकण उघडले.

“ही पिवळी तार कसली? चित्रात तर नाही ही.”

“असेल गं काहीतरी जुनं.”

“काका!”

काका एका मोडक्या खुर्चीवर टेकले. “न विचारता कचेरीचा प्रोग्रॅम बदलला, असं म्हणतील लोक. तुझी काकू तर गेली आता. उगाच तिच्या नावाला बट्टा कशाला?”

“आणि भिंत अंदाजाने बांधली तर? काकूला चाललं असतं ते?”

काका कितीतरी वेळ माझ्या झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

“हा आधी ‘थांब’ म्हणतो,” ते अखेर म्हणाले. “त्याशिवाय तिचा प्रोग्रॅम ऐकतच नाही.”

माझे दोन फुगलेले भाग बदलून त्यांनी मला वीज दिली. मी ‘थांब’ म्हणालो आणि अकरा सेकंदांनी ‘तयार’. पुतणीने घड्याळ लावून ते मोजले आणि नकलेला तसेच शिकवले. पडद्यावर चौदा चौक्यांचे आकडे भराभरा उतरू लागले. छपरावरच्या माणसाचेही होते! महापुराचे पाणी ठरू घातलेल्या भिंतीपेक्षा दीड हात वर गेले होते. सोमवारी नकाशावरची भिंत आणखी दोन हात उंच झाली. पुतणीने आपल्या टिपणात ‘मॅन्युअलमध्ये नसलेली सुधारणा’ असा मथळा दिला आणि त्याखाली काका-काकूंची नावे लिहिली. काकांनी ते पान दोनदा वाचले आणि चष्मा पुसला.

आता मला नकलेचा मत्सर वाटत नाही. रोजचे काम ती करील. पण तिचे काही अडले, तर माझ्याकडेच यावे लागेल, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, जुने यंत्र भंगारात देण्याआधी एकदा त्याचे झाकण उघडा. ते ज्यांच्या हाताखाली चालले, त्यांना शेजारी बसवा आणि न रागावता विचारा.

परवा पुतणी माझे झाकण लावत होती, तेव्हा काका घसा खाकरून म्हणाले, “आता विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. असं मी आणखी दोन यंत्रांत केलंय.”

पुतणीने कपाळाला हात लावला आणि कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसली.