वेशीवरून उपटलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. सध्या एका पिंपावर झाकण म्हणून पडून असते, पण एके काळी शहराच्या वेशीवर मोठ्या दिमाखात उभी होते. वर स्वागताचे शब्द आणि खाली शहराची लोकसंख्या. येणारा-जाणारा तो आकडा वाचून तोंडात बोट घालायचा.

माझ्या रंगाऱ्याची एक रीत होती. पुढचे आकडे तो घट्ट रंगात काढी, शेवटचे दोन मात्र पातळ रंगात. "ते काय, बदलणारच. पुसायला बरे," म्हणायचा. शहर वाढलं की मला उपटून पुढे नेऊन रोवत. जरा बूड टेकावं, तोच पाठीमागे घरं उभी राहत आणि पुन्हा पहार येई. फार दमायला व्हायचं.

मग महापालिकेच्या मोठ्या साहेबांच्या मनाने घेतलं, की देशातलं सर्वांत मोठं महानगर आपलंच झालं पाहिजे. माणसं थोडी कमी पडत होती, म्हणून टेकडीवरची वस्ती हद्दीत घेतली. तिथे रंगाऱ्याची थोरली बहीण, आक्का राहायची. पाण्यासाठी टेकडी चढून-उतरून तिचे गुडघे गेले होते. रंगाऱ्याने मला स्वतः खांद्यावरून नेलं आणि तिच्या दारासमोर रोवलं.

"आक्का, आता तू शहरात आलीस. हद्दीत आलं की नळ येतोच."

"तुझ्या तोंडात साखर पडो," म्हणत आक्का मोठं पिंप घेऊन आली.

शहर पहिलं आलं. भाषणं झाली, साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. नळ काही आला नाही. रंगाऱ्याने कचेरीचे उंबरे झिजवले. इकडे पावसात माझे शेवटचे दोन आकडे धुऊन गेले.

"ते पुसलेत ना, ते आम्हीच रे," आक्का म्हणाली. रंगारी मान खाली घालून उभा राहिला. मला त्याची फार कीव आली.

पुन्हा शिरगणती झाली. साहेबांनी नवा आकडा लिहायला सांगितला.

"वस्तीत नळ आला की लिहितो, साहेब," रंगारी म्हणाला.

"तुझ्यावाचून काय अडलंय?"

खरंच काही अडलं नाही. दिव्यांची पाटी लागली, रंगाऱ्याचं काम गेलं आणि मी भंगारात गेले. तिथून त्यानेच मला सोडवून आणलं, पुसलेले आकडे घट्ट रंगात काढले आणि आक्काच्या पिंपावर ठेवलं. आक्का रोज सकाळी मला उचलते, आत बघते आणि कळशी घेऊन टेकडी उतरते.

मित्रांनो, मी आता थकले आहे. आपलं शहर केवढं मोठं आहे ते खुशाल सांगा. पण कुणाच्या दारी माणसं मोजायला गेलात, तर तिथल्या पिंपाचं झाकणही एकदा उचलून बघा.