डावीकडचा आवाज

शालननं आयुष्यात कुठली वस्तू हाताळल्याशिवाय घेतली नव्हती. कडेगावच्या बाजारात ती वांगं दाबून बघायची, नारळ कानाशी धरून हलवायची, आणि माठ तर कुंभार वैतागेपर्यंत वाजवायची. नवरासुद्धा बघूनच केला होता, असं ती अधूनमधून ऐकवायची. फक्त तेव्हा त्याचे दोन्ही कान शाबूत होते, हेही वर जोडायची. अशा बाईवर मोबाइलच्या काचेत बघून हेडफोन निवडायची पाळी आली. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल!

गरज मात्र खरी होती. तिचे मालक नाथाजी तोफखान्यातून हवालदार होऊन निवृत्त झाले, ते एक कान तोफांना देऊन आणि दुसरा अर्धामुर्धा घेऊन. त्यांचा टीव्ही गल्लीच्या तोंडाला ऐकू यायचा. वर भिंतीला भिंत लावून आकारामची पिठाची गिरणी. त्या घरात हळू बोलायची रीतच मोडली होती. जेवताना मीठ मागायचं तरी बांधावरून हाक मारल्यासारखं मागावं लागे. आणि अशा घरात त्यांचा एकुलता एक शिवतेज अग्निवीरच्या लेखी परीक्षेचा अभ्यास मोबाइलवर करत होता. मास्तर पुण्यात बसून शिकवायचा आणि त्याचं गणित इथं गिरणीत दळून निघायचं.

आजा फौजेत, बाप फौजेत. शिवतेजला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष होतं. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळून पळून पोरानं अंगावरचं सगळं मांस आटवलं होतं, पळण्यात त्याला हरवणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. अडत होतं ते लेखीत. म्हणून हेडफोन.

कडेगावच्या मोबाइलच्या दुकानात कानात खुपसायचे तेवढे मिळत, मोठे नव्हते. सांगलीत मोठे होते, पण दुकानदार खोकं उघडू देईना. "सील तोडलं की घ्यावंच लागंल," म्हणाला. शालननं त्याच्याकडं असं काही बघितलं की त्यानं खोकं परत कपाटात ठेवलं. मग मायलेक घरी येऊन उंबऱ्यात मोबाइल घेऊन बसले.

"ह्यात दोन जाती असत्यात, आई," शिवतेज सांगायला लागला. "एक मागनं उघडा, जाळीचा. त्यात आवाज मोकळा येतो म्हणत्यात, पर भायेरचं समदं आत येतं. दुसरा मागनं बंद. क्लोज्ड-बॅक. वाटी कानावर गच्च बसली की भायेरचं भायेर आन् आतलं आत."

"म्हंजे एक झाकणाचा डबा, एक बिनझाकणाचा."

"व्हय."

"मग बिनझाकणाचा घेतंय कोण?"

"ज्याच्या घरात शांतता हाय, त्यो."

दोघंही हसली. त्या घरात शांतता म्हणजे लाइट जाणं.

घेतलेल्या लोकांनी खाली काय काय लिहिलेलं असतं, ते शिवतेज वाचून दाखवायचा आणि शालन निकाल द्यायची. वाहवा करणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. "तारीफ करणारा दुकानदाराचा मेव्हणा असतोय. शिव्या देणाऱ्याचं वाच," ती म्हणायची. कानाला घाम येतो, अशी एकाची तक्रार होती. तिनं ती माफ केली. घाम आला तर पुसता येतो. डोक्याला लय घट्ट बसतो, असं एकानं रागानं लिहिलं होतं. त्यावर ती खूश झाली, कारण घट्ट बसल्याशिवाय गिरणी अडणार कशी? शेवटी मिरजेकडचा एक जण सापडला. त्याचं घर लाकडाच्या वखारीला लागून होतं आणि हेडफोन घातल्यावर करवत ऐकू येत नाही, बायकोही ऐकू येत नाही, म्हणून घरात भांडणं होतात, असं त्यानं लिहिलं होतं.

"ह्योच घे," शालन म्हणाली. "ह्याचं दुखणं आपल्यासारखं हाय."

वस्तू हाताळता येत नसेल तर आपल्यासारखं दुखणं असलेला माणूस शोधावा, एवढं शहाणपण तिनं त्या उंबऱ्यात बसून कमावलं. ते खोटंही नव्हतं.

खोकं आलं. शिवतेजनं हेडफोन डोक्याला चढवला आणि त्याचा चेहरा उजळला. "गिरणी गेली बघ आई!" मग त्यानं डावी वाटी दाबून बघितली, बोटानं टिचकी मारली. "पर डावीकडनं आवाज लय बारीक येतोय."

"काय म्हणतंय?" नाथाजी टीव्हीसमोरून ओरडले.

"डावीकडनं आवाज येत न्हाई, अण्णा!"

"मग परत धाड! सरकारी माल हाय व्हय, मिळंल तसा घ्यायला?"

परत धाडला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं शालननं दुसऱ्या वेळी आणखी बारकाईनं बघितलं. कंपनी वेगळी घेतली. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे, असं लिहिणारे किती जण आहेत, तेवढंच वाचायला लावलं. तोही आला, आणि त्याचीही डावी बाजू बारीकच निघाली. या वेळी शिवतेजनं ते आईला हळूच सांगितलं. हेडफोन काढून त्यानं तो बराच वेळ हातात फिरवला आणि मग खोक्यात ठेवला. नाथाजींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. कंपनीच्या सात पिढ्यांची आठवण काढत त्यांनी तक्रार सांगितली आणि शिवतेजनं ती मोबाइलवर लिहिली. गल्लीतल्या लोकांना ती लिहिण्याआधीच पाठ झाली.

याच दिवसांत नाथाजींनी पोराच्या मेडिकलची तालीमही सुरू केली होती. भरतीत कसं तपासतात ते त्यांना ठाऊक होतं. उमेदवाराला पाठ करून उभं करतात, एक कान बोटानं बंद करायला लावतात आणि वीस फुटांवरून कुजबुजतात. जे कानावर आलं ते उमेदवारानं मोठ्यानं म्हणायचं. रोज संध्याकाळी ते शिवतेजला अंगणाच्या एका टोकाला उभं करत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन कुजबुजत. पण ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याची कुजबुज ती किती हळू असणार? "बंदूक!" ते कुजबुजले की यष्टीच्या थांब्यावरची माणसं वळून बघत.

"बंदूक!" शिवतेज उत्तर देई.

"फर्स्ट क्लास! आता दुसरा कान!"

आकाराम गिरणीच्या दारातून ओरडे, "नाथाजी, जरा हळू कुजबुजा की, पीठ उडाया लागलंय!" शालन पदर तोंडाला लावून हसत असे. त्या हसण्याची तिला पुढं इतकी लाज वाटली की आकारामच्या गिरणीची पायरी चढायला तिला जड जाऊ लागलं.

तिसरा, आणखी वेगळ्या कंपनीचा हेडफोन दुपारी आला. नाथाजी डेअरीला गेले होते. शिवतेजनं खोकं उघडताना घाई केली नाही. हेडफोन घातला, मास्तरचा धडा लावला, आणि शालननं विचारायच्या आधीच म्हणाला, "ह्याचं बी तसंच हाय."

शालन चुलीपुढून उठली. तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली होती. ती आधी का आली नाही, याचं तिला नंतर फार वाटलं. तीन कुंभारांचे तीन माठ एकाच जागी गळत नाहीत. एक गळेल, दोन गळतील, पण तिन्ही? तेही डावीकडंच?

"आण हिकडं," ती म्हणाली आणि हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला.

गिरणी गेली. त्या जागी मास्तरचा आवाज आला, अगदी जवळ, डोक्याच्या मधोमध. शेकडा नफा, शेकडा तोटा. तिनं उजवी वाटी कानावरून सरकवली. डाव्या वाटीतून मास्तर तेवढाच खणखणीत बोलत होता.

तिनं हेडफोन काढला, शिवतेजच्या मागं गेली आणि तोंडानं काही न बोलता तो उलटा करून त्याच्या डोक्यावर ठेवला. उजवी वाटी डाव्या कानाला, डावी उजव्या कानाला. मग पुढं येऊन मोठ्यानं विचारलं, "आता कुठल्या बाजूचा बारीक येतोय?"

त्यानं डाव्या कानावर हात ठेवला. "ह्योच की."

मग त्याचा हात वायरीकडं गेला. वायर डाव्या वाटीला असते. आता ती त्याच्या उजव्या खांद्यावरून लोंबत होती. त्यानं ती बोटांत धरली, आईकडं बघितलं, आणि मायलेकांना जे कळायचं ते कळलं.

शालनला तो कान आठवला. विहिरीत पोहायला शिकला तेव्हापासून तो वाहायचा. लसूण टाकून तेल कोमट करायची आणि दोन थेंब सोडायची. तिच्या आईनं तिच्या भावांना हेच केलं होतं. कडेगावच्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं आणि सांगितलं होतं, पडद्याला भोक दिसतंय, कराडला मोठ्या डॉक्टरला दाखवा. नाथाजी तेव्हा राजस्थानात होते. नेमकी उसाला तोड आली, आणि ऊस फडातून हालेपर्यंत कान वाहायचा थांबला. थांबला म्हणजे बरा झाला, असं तिनं धरलं. नारळ हलवून घेणाऱ्या बाईनं पोराचा कान मात्र न बघताच बरा धरला. तिला स्वतःचा फार राग आला.

"तुला म्हाईत हुतं?" तिनं विचारलं.

"पयल्याला न्हाई," शिवतेज म्हणाला. "दुसऱ्याला शंका आली. मला वाटलं, तिसरा तरी चांगला निघंल."

"आपून डॉक्टरला दावू. उद्याच जाऊ कराडला."

"आई, गल्लीतल्या विश्वजितला गेल्या भरतीत ह्याच्यापायीच काढला. भोक दिसलं की तिथंच भायेर." तो शांतपणे बोलत होता, आणि तेच तिला सोसवेना. "आपरेशन करून कान बरा हुईपतोर माझं वय निघून जातंय. अण्णास्नी सांगू नगंस. लेखी तर हुं दे."

तिनं मान हलवली. नाही सांगणार, असं तिनं मनोमन ठरवलंही होतं.

दिवस कलला तसा आकारामनं गिरणी बंद केली. थोड्याच वेळात लाइट गेली आणि गल्लीतले टीव्हीही बंद पडले. बाया दारात येऊन बसल्या. नाथाजी डेअरीतून आले, खुंटीला पिशवी अडकवली आणि खोक्याकडं बोट केलं.

"ह्यो बी खराब?"

कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर आपल्यालाच ऐकू आलं नाही, असं नाथाजींनी धरून घेतलं. त्यांची ती सवयच होती. "जाऊ दे. सांगलीला जाऊन त्यास्नी गिराईक कोर्टात खेचतो. चल रं, उभा ऱ्हा. आज लांबनं कुजबुजतो, तीस फुटावरनं!"

शिवतेज निमूट उठला. अंगणाच्या टोकाला गेला, पाठ केली, आणि चांगला कान बोटानं बंद करून ताठ उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा वर आलेल्या शालनला दिसल्या. नाथाजी मागं मागं सरत होते, पोराच्या अभिमानानं त्यांचं तोंड फुललं होतं.

शालनला ते बघवलं नाही. ती त्यांच्याजवळ गेली आणि दंडाला धरून म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या."

"आं?"

"पोराच्या कानात बिघाड हाय."

"कशात? मोठ्यानं बोल की!"

तिनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं. पण नेमका तो तोफांना दिलेला कान होता. नाथाजी चिडले. "तोंडात काय धरलंयस? नीट सांग!"

आणि शालन ओरडली. त्या घरात दुसरा मार्गच नव्हता. "शिवतेजला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई! हेडफोन चांगलं हायती! तिन्ही बी चांगलं हुतं!"

नाथाजींच्या आधी ते गल्लीला कळलं. आकाराम गिरणीला कुलूप घालता घालता थांबला आणि मान खाली घालून तसाच उभा राहिला. शिवतेजनं कानातलं बोट काढलं. तो कुणाकडं न बघता ओट्यावर येऊन बसला, खोकं पुढ्यात घेतलं आणि हेडफोनची वायर गुंडाळायला लागला. परत धाडायचा असला म्हणजे नीट गुंडाळावी लागते, तशी.

नाथाजी ओट्यापाशी आले आणि पोराच्या डाव्या अंगाला टेकले. त्यांनी हात उचलला, पण पोराच्या पाठीवर ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.

"लय दुखायचा व्हय रं, ल्हानपणी?" त्यांनी विचारलं.

इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे शालनला लग्नाला एवढी वर्षं होऊन माहीत नव्हतं. अंगणात उभ्या उभ्या तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. शिवतेज वायर गुंडाळत राहिला. नाथाजी त्याच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत बसले.