सोळावं नाव

आठ मार्चच्या, महिला दिनाच्या जेवणात शपथेची टूम काढली ती नेदेल्काने. गावात शाळा दोन, दोन्हीकडे मुख्याध्यापक बायकाच; त्यातली एक ती. वर्षातून त्या एका दिवशी दोन्हीकडच्या शिक्षिका डॅन्यूबकाठच्या खानावळीत जमायच्या, राकिया प्यायच्या, घाम येईस्तोवर नाचायच्या. नेदेल्काने ग्लास उंचावला. "मूल ज्या शाळेत जाईल तिकडे सरकारी पैसा, असा कायदा करून राजधानीत, सोफियात बसलेले साहेब आपली झुंज लावताहेत. आपण बायकांनी झुंजायचं नाही! मुलं ओढायला एकमेकींच्या भागात कोणी दार वाजवायचं नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने, वेनेताने तर तिला मिठीच मारली. बोलण्यात नेदेल्काचा हात कोण धरणार!

मे उजाडला तेव्हा तिच्या पहिलीच्या यादीत पंधरा नावं होती. सोळा झाल्याशिवाय वर्ग मिळत नाही, आणि वर्ग गेला की इस्क्रा घरी बसणार. इस्क्रा तिची सगळ्यात तरुण शिक्षिका, मुलीला एकटीने वाढवणारी. एका बाईची नोकरी वाचवणं हेही बायकांचंच काम, अशी नेदेल्काने स्वतःची समजूत घातली, आणि चॉकलेटचा डबा घेऊन वेनेताच्या भागातल्या एका इमारतीचे तीन जिने चढली.

तेओदोरा नावाच्या आईने दार उघडलं, कॉफी केली. "पण मला वेनेताबाईंनी शिकवलंय हो," ती म्हणाली. "लेकीला तिथंच घालायचं ठरलंय."

"घाला की. सोन्यासारखी बाई आहे ती." नेदेल्का कपात चमचा फिरवत राहिली. "फक्त यंदा तिच्याकडे रोमा वस्तीतली जिप्सी पोरं जरा जास्त झालीत. आमच्याकडे तसलं काही नाही."

तेओदोराने लगेच नाव नोंदवायला पेन मागितलं. वीस वर्षं मुलींना ताठ मानेनं जगायला शिकवणाऱ्या नेदेल्काला एवढं एक वाक्य पुरलं. जिना उतरताना तिला चूळ भरावीशी वाटली.

वेनेताकडे पंधरा मुलं उरली. तिचा पहिलीचा वर्ग बंद झाला. गाडीवाल्यांनी आपापली मुलं शहरात नेली. राहिली वस्तीतली सहा.

पंधरा सप्टेंबरला, शाळा उघडायच्या दिवशी, पहिली घंटा व्हायच्या आधी, त्या सहाजणांना घेऊन वेनेता नेदेल्काच्या पटांगणात आली. सोबत सेव्दा नावाची एक म्हातारी, नातीचा हात घट्ट धरून. नातीच्या केसांत पांढऱ्या फिती होत्या.

"तुझ्याकडेच आणली गं," वेनेता तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली. "माझ्या भागात कोणीतरी फिरून गेलं म्हणे. शहरातल्या खासगी शाळेचंच कोणी असेल."

"लोकांना लाज उरली नाही," नेदेल्का म्हणाली. ते कसं तोंडातून निघालं, तिचं तिलाच कळलं नाही.

तेवढ्यात फुलांचा गुच्छ आणि लेक घेऊन तेओदोरा आली. सहा मुलांकडे बघून ती थबकली. "हे काय हो बाई? आमच्याकडे तसलं काही नाही म्हणाला होतात! माझ्याच स्वयंपाकघरात बसून!"

वेनेता नेदेल्काकडे बघू लागली. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, हे शब्द नेदेल्काच्या जिभेवर तयार होते. पण म्हातारीही बघत होती.

"हो," ती म्हणाली. "मी म्हणाले होते."

वेनेताने दंडावरचा हात काढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर नेदेल्काला बरं वाटलं असतं. भूमी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं तिला झालं.

सेव्दा म्हातारी पुढे झाली. "ते असू दे बाई, आम्ही रोजच ऐकतो. हिला बसवायचं कुठे, तेवढं सांगा. मागे नको हो. हिला लांबचं दिसत नाही."

"पहिल्या बाकावर," नेदेल्का म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की म्हातारीला ऐकूच आलं नाही. तिने कानाशी हात नेला. आणि नेदेल्काला ते पुन्हा, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगावं लागलं.