पालथा कागद

आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाईकाने कागद दिला की तो लगेच पालथा करायचा, तसाच मशीनवर ठेवायचा, प्रत काढायची आणि पालथाच परत द्यायचा. वाचायचा नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण जरा आठवून बघा. आपण कुठेही झेरॉक्स काढायला गेलो की मशीनवर जायच्या आधी दुकानदाराची एक नजर कागदावरून फिरून येतेच. कुणाचा घटस्फोट, कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाचे नापासाचे गुण. आत्याची नजर कधी फिरली नाही. वीस वर्षं सरकारी कचेरीच्या समोर दुकान, अख्ख्या गावाची भानगड त्या काचेवरून गेली असेल, आणि आत्याला विचारलं तर तिला काही म्हणजे काही माहीत नसायचं.

एखादी प्रत वाकडी आली, काळी आली, तर तिचे चार तुकडे करून मशीनखालच्या निळ्या बादलीत टाकायचे. बादलीत पाणी असायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्याचा लगदा. "कचऱ्याच्या डब्यातला कागद कुणीही वाचतं," आत्या म्हणायची, "लगदा कोण वाचणार?"

दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटरवर आत्याचा भाचा बसायचा. लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचा. त्याला सगळे खटपट्या म्हणायचे. पोरगा मनाने चांगला. कुणावर अन्याय झालेला दिसला की त्याची बोटं आपोआप चालू व्हायची. फक्त डोकं बोटांच्या मागून चालत यायचं.

याच खटपट्याने आत्याला न सांगता एक शक्कल लढवली होती. कागद वाचवायचा म्हणून तो वाकड्या आलेल्या प्रती बादलीत टाकायच्या ऐवजी खणात ठेवायचा, आणि अर्जाचा कच्चा मसुदा त्यांच्या कोऱ्या बाजूवर छापायचा.

एके दिवशी इस्त्रीवाल्या काकू आल्या. रस्त्यापलीकडे त्यांचं इस्त्रीचं टेबल. काकू कधी थकलेल्या दिसायच्या नाहीत, त्या दिवशी खुर्चीत बसल्याच.

"सातवी खेप रे बाबा," त्या म्हणाल्या. "पोरीच्या जन्मदाखल्यात तारीख चुकलीय. नर्सिंगच्या प्रवेशाला दहा दिवस राहिलेत. चार नंबरची खिडकी दीड महिना बंद. विचारलं की म्हणतात, साहेब रजेवर आहेत. मग दुसरा कुणी बसवा ना! तर म्हणतात, काकू, तुमची इस्त्री दुसऱ्याला जमते का? तसंच आहे हे."

"असं म्हणाले?" खटपट्याने बाह्या सरसावल्या. "अर्ज तर करूच, पण आता जगालाही कळू दे."

अर्ज मस्त झाला. तारखा, खेपा, कुणी काय उत्तर दिलं, सगळं. कच्ची प्रत छापली आणि काकूंना वाचून दाखवायला उचलली, तर मागच्या बाजूला काहीतरी छापलेलं दिसलं. त्याने कागद उलटा केला.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र. वर नाव, पत्ता, फोन नंबर. खाली लिहिलेलं, झोप न लागणे, तीव्र उदासीनता, मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार चालू, दोन महिने विश्रांती आवश्यक. आणि नाव कुणाचं? चार नंबरच्या खिडकीवरच्या काकांचं. रजेच्या अर्जाला जोडायला त्यांनी इथूनच प्रत काढली होती. पहिली वाकडी आली होती, तीच ही.

काकू गेल्यावर खटपट्याने आधी अर्जातला मजकूर फोनवर टाकला. त्याच्याखाली त्या प्रमाणपत्राचा फोटो. आणि वर एक ओळ: 'डोक्यावर उपचार चालू असलेला माणूस आपल्या पोरांचे दाखले बनवतो. आता कळलं खिडकी का बंद?'

पूर्वी म्हणायचे, उचलली जीभ लावली टाळ्याला. आता उचललं बोट, लावलं काचेला. तेवढंच अंतर.

दुपारपर्यंत पोस्ट गावभर झाली. पहिली काही माणसं काकूंबद्दल हळहळली. नंतर काकूंचं कुणाला काही पडलंच नव्हतं. 'वेड्यांचा कारभार', 'आधी याला बांधा', 'नंबर आहेच, फोन करून विचारा बरं वाटतंय का'. आणि लोकांनी खरंच फोन केले. एकाने तर बोलणं रेकॉर्ड करून खाली टाकलं. त्यात काका फक्त "कोण? कोण बोलतंय?" एवढंच विचारत होते. खाली अडीचशे हसरे चेहरे.

खटपट्या खुशीत होता. त्याचं लिहिलेलं आजवर एवढ्या लोकांनी कधी वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आल्या. शांत होत्या. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला.

"हा कागद तुमच्याकडचा ना?"

आत्याने चष्मा लावला. फोटोतल्या कागदाच्या डाव्या कडेला बारीक काळी रेघ होती. आत्याच्या मशीनच्या काचेवर जुना ओरखडा आहे, त्यामुळे इथून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर ती रेघ येते. अख्खं गाव त्यावरून ओळखतं की प्रत कुठली.

"आमचाच," आत्या म्हणाली.

"ते माझे मिस्टर. मला त्यांनी सांगितलं होतं, रक्तदाब आहे. काल दुपारी माझ्या बहिणीने मला हे पाठवलं. म्हणजे बघा, नवऱ्याचा आजार मला फोनवरून कळला." त्यांनी फोन उचलून पर्समध्ये टाकला. "त्यांना आता झोप लागायला लागली होती हो. पुढच्या सोमवारी हजर होणार होते. आता म्हणतात, त्या खिडकीत मी परत बसणार नाही. पलीकडे रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस मला वेडा समजूनच बघणार. काल फोन बंद करून जे भिंतीकडे तोंड करून झोपलेत, ते अजून तसेच आहेत."

आत्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या बसल्या नाहीत. पाणी मात्र प्यायल्या आणि गेल्या.

आत्या वळली. "तो फोटो आधी काढून टाक."

खटपट्याने पोस्टमधून फोटो काढून टाकला, ती वरची ओळही काढली. पण पोरगा तावातावाने बोलायलाच लागला. "खोटं काय लिहिलं मी? बोलायचा हक्क आहे की नाही माणसाला? का तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा?"

"खोटं काहीच नाही," आत्या म्हणाली. "तुझा दहावीचा गणिताचा निकालपण खराच आहे. लावू दारावर?"

"ते माझं खासगी आहे."

"झालं! उत्तर तूच दिलंस."

आत्याने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"हे बघ राजा. काकूंचं जे लिहिलंस ना, ते वाचून मला अभिमान वाटला. मी वीस वर्षं इथे बसलेय, माझी कधी छाती झाली नाही. खिडकी लोकांची आहे. ती बंद का, हे तू ओरडून विचार. पण खिडकीमागच्या माणसाचं मन त्याचं एकट्याचं आहे. ते आतून का मोडलं, हा प्रश्न गावाचा नाही."

"पण त्यांच्यामुळेच खिडकी बंद आहे ना?"

"आजारी पडले म्हणून? मला पाठदुखीने महिनाभर झोपवलं तेव्हा दुकान बंद होतं का?"

"नाही. मी बसलो होतो."

"मग? माणूस आजारी पडणारच. त्याच्या जागी कुणाला बसवायचं, हे बघणारा दुसराच कुणीतरी असतो. त्याला तू एक शब्द विचारला नाहीस. साप साप म्हणून भुई धोपटलीस, आणि ती पण दुसऱ्याच्या अंगणातली." आत्याने आवाज खाली आणला. "आपल्याकडे त्या वकीलबाई येतात ना, त्या म्हणतात, कामावर टीका केलीत, खरी आणि पुराव्यानिशी, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहायला हवा. खोटं लिहिलंत, धमकी दिलीत, कुणाचं आजारपण चव्हाट्यावर आणलंत, की तोच कायदा उठून समोरच्याच्या बाजूला जाऊन बसतो. पण कायद्याचं राहू दे. लोक आपल्याकडे कागद देतात तेव्हा पावती घेत नाहीत. नुसते देतात. त्याला काय म्हणतात, तुला माहितीय."

खटपट्याने मान खाली घातली. मग उठला, खण उघडला आणि वाकड्या प्रतींचा अख्खा गठ्ठा आत्यासमोर ठेवला. आत्याने तो बघितला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. एकेका कागदाचे चार तुकडे करून दोघं तासभर बादलीत टाकत बसले.

त्यानंतर आत्याने जे केलं, ते तुमच्या-माझ्याने झालं नसतं. तिने एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आमच्या दुकानातून एका गिऱ्हाईकाचा कागद बाहेर गेला. चूक आमची आहे. ज्यांना विश्वास वाटत नसेल त्यांनी दुसरीकडे प्रती काढाव्यात, आम्हाला राग नाही.' आणि तो दारावर चिकटवला. पहिलंच गिऱ्हाईक तो वाचून फाईल काखेत मारून परत गेलं. आत्या म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

संध्याकाळी खटपट्या काकांच्या घरी गेला. दार सकाळच्या त्या बाईंनीच उघडलं. काका आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. खटपट्याने दारातूनच सांगितलं, "काका, तो कागद मी टाकला होता. काढलाय. माफीही लिहितो. तुमचं नाव न घेता लिहितो."

मग भिंतीकडूनच आवाज आला. "इस्त्रीवाल्या बाईंचं काम झालं का?"

खटपट्याला हे अपेक्षित नव्हतं. "नाही, काका."

"रजेच्या अर्जात मी लिहिलं होतं, माझ्या जागी कुणालातरी बसवा, लोक खोळंबतील. दोनदा लिहिलं. पोच आहे माझ्याकडे."

खटपट्याची बोटं वळवळली. पण या वेळी त्याने ती खिशात घातली. "काका, हे लिहू का? एवढंच. तुमच्या तब्येतीचा शब्द नाही."

काका वळले. दोन दिवसांत पहिल्यांदा. "हे आधी विचारायचं होतंस," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "लिही. तेवढंच लिही."

नवीन पोस्ट छोटी होती. आधी माफी: एका माणसाचा खासगी कागद मी टाकला, ते चुकलं, कुणाकडे असेल तर पुसून टाका, त्यांना फोन करू नका. मग प्रश्न: कर्मचाऱ्याने बदली माणूस बसवा म्हणून दोनदा लेखी मागणी केली होती. तरी खिडकी दीड महिना बंद का? हसरे चेहरे या वेळी आले नाहीत. पण वाचणाऱ्यांनी आपापल्या खेपांच्या तारखा खाली लिहिल्या. एकूण एकेचाळीस जणांनी.

दुसऱ्या दिवशी कचेरीचे मोठे साहेब स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आले. दारावरचा कागद वाचून त्यांना हुरूप आलेला दिसला.

"बाई, तुम्हीच चूक कबूल केलीय. आमच्या कर्मचाऱ्याची बदनामी झालीय. ते सगळं लिखाण काढून टाका, नाहीतर केस करावी लागेल."

आत्या जागची हलली नाही.

"साहेब, त्यांचा कागद आम्ही टाकला, त्याबद्दल त्यांनी केस केली तर मी स्वतः येऊन गुन्हा कबूल करीन. तो कागद काढलाय. राहिलंय ते तुमच्या खिडकीबद्दल आहे. त्यातलं एक अक्षर खोटं निघालं तर दाखवा, आत्ता पुसते."

साहेबांनी फोनवरचा मजकूर दोनदा वाचला.

"त्यांच्या आजारपणाची चादर तुम्ही नका पांघरू," आत्या म्हणाली. "ती त्यांना पुरू दे."

साहेब रस्ता ओलांडून परत गेले. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खिडकीत एक मुलगी बसलेली दिसली. काकूंच्या लेकीचा दाखला दुरुस्त झाला तेव्हा प्रवेशाला तीन दिवस बाकी होते. काकूंनी आत्याच्या सगळ्या साड्या इस्त्री करून आणून दिल्या. आत्या म्हणाली, "अहो, यातल्या दोन नायलॉनच्या आहेत!" काकू म्हणाल्या, "असू देत. गरम होऊ देत."

तेव्हा आपण सगळ्यांनी बोलावं, बेधडक बोलावं. बंद खिडकीबद्दल, खड्ड्याबद्दल, मोठ्या साहेबांबद्दलसुद्धा. तो आपला हक्क आहे आणि तो कुणालाही काढून घेऊ देऊ नये. पण काचेला बोट लावायच्या आधी एक प्रश्न विचारावा: ही गोष्ट सगळ्यांची आहे, की एकट्या माणसाची? एकट्याची असेल, तर कागद पालथा.

काका त्या सोमवारी हजर झाले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने एका सकाळी दुकानात आले, दाढी केलेले, हातात एक कागद. आत्याकडे न जाता खटपट्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी कागद सुलटाच पुढे केला.

खटपट्याने तो हातात येताच पालथा केला. पहिली प्रत वाकडी आली. काकांच्या समोरच त्याने तिचे चार तुकडे केले आणि बादलीत टाकले. दुसरी नीट आली. ती पालथीच त्यांच्या हातात दिली.

काकांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग रस्ता ओलांडून कचेरीत गेले. थोड्या वेळाने चार नंबरच्या खिडकीचं दार आतून वर सरकलं.

तो कागद कसला होता, हे खटपट्याला आजही माहीत नाही.