तीन ताटांचं घर

बोटीवरचा फिटर नऊ महिन्यांनी घरी आला तो दोन अगडबंब बॅगा ओढत, आणि बायकोने दारातच अडवलं. त्याला नाही हो, बॅगांना.

"अहो, त्या बाहेरच राहू द्या. तुम्ही या आत, हातपाय धुवा. बॅगांचं मग बघू."

इंजिनरूमच्या उकाड्यात मोठमोठे पंप खोलून जोडणारा गडी, पण बायकोपुढे हूं की चूं नाही. बॅगा जिन्यापाशी राहिल्या आणि तो आत आला. आत आला आणि जागीच थबकला. सोफा नाही. शोकेस नाही. चपलांची रॅक नाही. भिंतीवर खिळासुद्धा शिल्लक नाही. एक सतरंजी, एक बुटकं टेबल आणि खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन, बस्स.

"अगं, चोरी झाली की काय?"

दोघी मुली खो-खो हसत सुटल्या. थोरली तेरा वर्षांची, धाकटी आठची. "बाबा, आईने सगळं काढून टाकलं," धाकटी म्हणाली. "फोनवर सांगितलं होतं की तुला!"

सांगितलं होतं, खरंच. पण बोटीवरून फोन लागायचा तो अर्धा तुटक, आणि 'घर आवरतेय' एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. आवरणं म्हणजे असं असतं होय?

आता खरं बोलायचं तर ते घर भरलं होतं ह्याच पठ्ठ्याने. दर सुट्टीला यायचा तो अख्खा बाजार उचलून आणायचा. केस वाळवायची यंत्रं, रस काढायची यंत्रं, गाणारी अस्वलं, चकाकणारे कपांचे सेट. घरी नसल्याची भरपाई म्हणा हवं तर. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे नंबर तपासायची आणि संध्याकाळी येऊन वस्तू उचलत बसायची. कपाट उघडलं की डबे अंगावर. शेवटी एकदा धाकटी त्या पसाऱ्यात अडखळून पडली, हनुवटीला टाके पडले, आणि बायकोचं डोकंच फिरलं. तिने नियम केला: सहा महिने ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही, तिला घरात जागा नाही. मग काय, मुलीही कंबर कसून कामाला लागल्या.

आणि घर छान झालं होतं, नाही म्हणायची सोय नाही. थोरली आपली आपण अभ्यासाला बसली. बायकोच्या कपाळावरची ती कायमची आठी कुठल्या कुठे गेली होती. पूर्वी ह्या वेळेला घरात तारस्वरात आरडाओरडा चालायचा, आता चौघांचं बोलणं नीट ऐकू येत होतं. फिटरला बरं वाटलं. त्याच्या पोटात एक बातमी होती आणि ती जेवताना सांगायची, असं त्याने विमानातच ठरवलं होतं.

बातमी अशी की तो नोकरी सोडून आला होता. कायमचा. दोन महिन्यांपूर्वी घरी फोन केला तेव्हा पलीकडून बाईचा आवाज आला. बायको समजून हा बराच वेळ बोलला, आणि मग म्हणाला, "थोरलीला दे गं जरा." "बाबा, मीच बोलतेय." पोरीचा आवाज बदलला होता आणि बापाला पत्ताच नव्हता. त्या दिवशी फिटर बॉयलरच्या आडोशाला जाऊन ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी चीफ इंजिनियरला सांगून मोकळा झाला.

अंघोळ करून तो घरातला पायजमा शोधायला लागला. कपाटात कपडे मोजके, घड्या सुरेख, पण त्याचा एकही नाही.

"पायजमा कुठाय गं माझा?"

बायको कांदा चिरत होती. सुरी थांबली. "काढला. बॅगेतला घाला ना एखादा."

"बरं. आणि चष्मा? वाचायचा?"

"तोही."

"हत्यारांची पेटी तरी आहे ना?"

ती पुन्हा कांदा चिरायला लागली. धाकटीनेच तत्परतेने सांगितलं, "ती प्लंबरकाकांना दिली. ते येतात आता आपल्याकडे. त्यांनी नळ केव्हाच नीट केला!"

त्या पेटीतला एकेक पाना त्याने जमवला होता, आणि घरी आल्यावर नळ, पंखा, दाराची कडी हीच तर त्याची कामं. बाकी ह्या घरात त्याला येत होतं तरी काय? पण बोलायचं तरी कुणाला? नियम सगळ्यांना सारखाच होता. नऊ महिने बाहेर राहणाऱ्याच्या वस्तूला सहा महिने हात लावणार कोण, हा साधा हिशेब कुणाच्या ध्यानातच आला नव्हता, असं त्याने स्वतःला समजावलं.

जेवायची वेळ झाली. ताटं तीन. बायकोने त्याला आणि मुलींना वाढलं. "तुम्ही बसा, मी मागून बसते," ती सहज म्हणाली. अशी सहज, की जणू ह्या घरात चौथं ताट कधी नव्हतंच.

"ऐका," तो म्हणाला, "मी आता परत जाणार नाही. नोकरी सोडली."

कुणी उडी मारली नाही. धाकटीने आईकडे पाहिलं. थोरली भात कालवत शांतपणे म्हणाली, "बाबा, हे तू मागच्या वेळीही म्हणाला होतास."

"त्याच्या मागच्या वेळीपण," धाकटी म्हणाली.

म्हणाला होता, देवाशप्पथ म्हणाला होता. दर वेळी मनापासून म्हणायचा आणि दर वेळी कंपनीचा फोन आला की बॅग भरायचा.

"अगं, ह्या वेळी खरंच—"

"पुरे," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मुलींसमोर असली वचनं नकोत. नियमात तुमच्या वस्तूही जातील हे ध्यानात आलं नव्हतं असं समजू नका हं. तुमच्या कपाटाशी आले तेव्हा चांगले दोन दिवस घुटमळले मी. तुमचा कप रोज विसळायचे, माहितेय? न वापरलेला. तुम्ही गेलात की ही धाकटी आठवडाभर तापाने फणफणायची आणि तो कप बघून विचारायची, बाबा कधी येणार. मी काय सांगणार होते? मला पसारा नको झाला होता ना, त्यापेक्षा ते वाट बघणं नको झालं होतं. आता आम्ही तिघी बऱ्या आहोत हो. कशाबशा बऱ्या झालोय."

फिटर खरं बोलत होता, पण ते खरं आधीच इतक्यांदा वापरून झालेलं, की आज त्याला काही किंमतच उरली नव्हती. त्याने मुकाट्याने ताट संपवलं, स्वतः घासलं, पुसलं आणि बायकोपुढे ठेवलं. ती त्यात जेवली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

मग त्याने मुलींच्या गाद्या घातल्या. थोरली कूस वळवून झोपली. धाकटी पांघरुणातून हात काढून त्याचं बोट धरून राहिली.

"बाबा, जाशील तेव्हा मला उठवशील? मागच्या वेळी नाही उठवलंस."

"अगं राणी, मी जाणारच नाहीये."

"हो रे, पण जाशील तेव्हा." तिने बोट आणखी घट्ट धरलं. रडत नव्हती, हट्टही करत नव्हती, फक्त तेवढं पक्कं करून घेत होती. "उठवशील ना? नाहीतर मला झोपच येणार नाही."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. फिटरने तिच्या केसांवरून हात फिरवला. पोरीला झोप लागायला हवी होती.

"उठवीन," तो म्हणाला.